पणजी, पर्वरी की फोंडा? घर घेण्याआधी घरपट्टीचा हिशोब

गोव्यात फ्लॅट बघायला आलेली माणसं किंमत, स्टॅम्प ड्युटी आणि कर्जाचा हप्ता यांची आकडेमोड चोख करून येतात. घरपट्टीचं विचारलं की मात्र "ती किती असणार!" म्हणून विषय बाजूला पडतो. घरपट्टी छोटी आहे, हे खरं. पण दर वर्षी भरायची ती तीच, आणि तिची पावती म्हणजे तुमच्या घराची स्थानिक ओळख असते. म्हणून तीन ठिकाणं शेजारी ठेवून बघू: पणजी, पर्वरी आणि फोंडा. निवृत्तीनंतर गोव्यात यायचं म्हणणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात मला हीच नावं जास्त ऐकू येतात.

आधी एक मूलभूत गोष्ट. स्टॅम्प ड्युटी राज्य सरकार घेतं, आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत तिचे टप्पे एकच. घरपट्टी तशी नाही. ती स्थानिक संस्था लावते आणि तीच वसूल करते. पणजीत महापालिका आहे, 2002 च्या स्वतंत्र कायद्याखाली. फोंडा, मडगाव, म्हापसा, मुरगाव अशा तेरा ठिकाणी नगरपालिका आहेत, त्यांना 1968 चा गोवा नगरपालिका कायदा लागू. उरलेला सगळा गोवा ग्रामपंचायतींचा, 1994 च्या पंचायत राज कायद्याखाली. त्यामुळे "गोव्यात घरपट्टी किती?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. घर कोणाच्या हद्दीत आहे, हे आधी विचारायचं.

आणि हद्द डोळ्यांना दिसत नाही. पर्वरी बघा. उंच इमारती, शोरूम, विधानसभा, सगळं शहराचं. पण पर्वरीला नगरपालिका नाही. हा भाग पेन्ह द फ्रान्स, सुकूर, साल्वादोर द मुंद अशा पंचायतींमध्ये वाटलेला आहे. एकाच मुख्य रस्त्याला लागून असलेल्या दोन सोसायट्या वेगवेगळ्या पंचायतींत असू शकतात. पणजीला खेटून असलेल्या ताळगावचंही तेच: राहणीमान शहरी, कारभार पंचायतीचा. फोंड्यात बाजारातून जरा बाहेर पडलं की कुर्टी-खांडेपार, बांदोडा, कवळे या पंचायती सुरू होतात. बिल्डरच्या जाहिरातीत "फोंडा" किंवा "पणजीजवळ" लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. चालू वर्षाची घरपट्टीची पावती मागा. वर कोणाचं नाव छापलंय ते वाचलं की प्रश्न मिटतो.

आता आकारणी, म्हणजे पट्टी ठरते कशी. पालिकेत पट्टी करपात्र मूल्यावर बसते, म्हणजे ते घर वर्षाला किती भाड्याने जाईल या अंदाजावर. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्याची, म्हणजे घराच्या बाजारभावावर आधारलेली पद्धत आहे, तिच्याशी याची गल्लत करू नका. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मिळालेली माफीही तिथल्या महापालिकेपुरती. ती धरून इथला हिशोब मांडू नका. पंचायतीत कायद्याने आणि नियमांनी घातलेल्या मर्यादेत पंचायत पट्टी ठरवते. तिथे बांधकामाचं क्षेत्रफळ आणि वापर, म्हणजे राहण्यासाठी की धंद्यासाठी, यांना महत्त्व असतं.

इथे बरेच जण फसतात ते टक्केवारीला. समजा, एका फ्लॅटचं करपात्र मूल्य 40,000 रुपये धरलं आणि दर 10 टक्के, तर पट्टी 4,000. दुसरीकडे दर 8 टक्केच, पण मूल्य 60,000 धरलं, तर पट्टी 4,800. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेत, कुठल्याही पालिकेचे नाहीत. पण यावरून काय विचारायचं ते कळतं: दर किती, आणि तो कशावर? शिवाय क्षेत्रफळ. बिल्डर जिना-लॉबीचा वाटा धरून सुपर बिल्टअप सांगतो, रेरा कायद्यामुळे करारात कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ येतं, आणि आकारणीच्या नोंदीत तिसराच आकडा असू शकतो. नोंदीतला आकडा मंजूर नकाशाशी ताडून बघा. एकदा चुकीची नोंद बसली की दर वर्षी तीच पुढे चालू राहते.

फेरआकारणीचंही लक्षात असू द्या. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी संस्थांच्या अनुदानासाठी अट घातली की राज्याने मालमत्ता कराचे किमान दर ठरवावेत आणि वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या (जीएसडीपी) वाढीबरोबर वाढत राहावी. पालिकेच्या हद्दीतली पट्टी वर्षानुवर्षं गोठलेली राहील, असं धरून चालता येणार नाही.

पट्टी भरून मिळतं काय? महाराष्ट्रातून येणाऱ्यांना हे नवं वाटतं: गोव्यात नळाचं पाणी आणि वीज राज्य सरकारची खाती देतात. मांडवीचा पूल ओलांडून पणजीतून पर्वरीत गेलं म्हणून विजेचा दर बदलत नाही. स्थानिक संस्थेकडे उरतं ते कचरा, गटारं, आतले रस्ते, बाजार, दाखले. कचऱ्याचं शुल्क बऱ्याच ठिकाणी पट्टीशिवाय वेगळं असतं, तेही विचारून घ्या.

खरा फरक सांडपाण्यात आहे. पणजीला जुनं मलनिस्सारण जाळं आणि टोंक इथला प्रक्रिया प्रकल्प आहे. पंचायत भागातल्या बहुतेक इमारती सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर चालतात. टँक भरला की टँकर बोलवायचा, आणि ते पैसे सोसायटीच्या मेंटेनन्समधून जातात. पंचायतीत पट्टी कमी बसली, तरी ते वाचलेले पैसे अशा खर्चात निघून जातात, म्हणून पट्टी आणि मेंटेनन्स एकत्र मांडल्याशिवाय तुलना करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग कोणी कुठे घ्यावं? वय साठीच्या पुढे असेल, गाडी चालवणं कमी करायचं असेल आणि बजेट झेपत असेल तर पणजी. तिथे पट्टी जास्त आली तरी घर निवडताना तो मुद्दा नाही, घराची किंमत हा मुद्दा आहे. पर्वरी नोकरीत असलेल्यांना सोयीची, पण सोसायटी बघून, परिसर बघून नव्हे. मला स्वतःला फोंडा पालिकेची हद्द सगळ्यात समतोल वाटते: बाजार पायाखाली, देवळं जवळ, आणि मुख्याधिकाऱ्यांचं कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर. पंचायतीचं एक मोठं बळ मात्र पालिकेकडे नाही. ते म्हणजे ग्रामसभा. ती बहुतेकदा रविवारी असते, आणि कचऱ्याचा किंवा रस्त्याचा प्रश्न तिथे तोंडावर विचारता येतो. ज्याला गावात मिसळायचं आहे, त्याने पंचायतीचं घर जरूर बघावं.

जुनं कौलारू घर घेणार असाल तर मात्र इथे थांबा आणि कागद नीट वाचा. पावतीवर घर क्रमांक असतो आणि नाव बहुतेकदा विकणाऱ्याच्या आजोबांचं. घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही, आणि घर क्रमांक मिळाला म्हणजे बांधकाम कायदेशीर ठरत नाही. मालकीसाठी गावात एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातल्या सात-बारासारखा), शहरात सिटी सर्व्हेचा डी फॉर्म बघायचा. त्यावर किती नावं आहेत ते मोजा. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते आणि वारसांचा हिस्सा ठरलेला, म्हणून इन्व्हेंटरी प्रक्रिया, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी झाली आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. कोमुनिदादची (गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची) जमीन किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर तो वेगळाच अभ्यास आहे. खरेदीखत झाल्यावर घरपट्टी आपल्या नावावर करून घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मागची थकबाकी विकणाऱ्याने भरल्याची पावती खरेदीआधीच हातात घ्या.

शेवटी भाड्याचं. पर्यटकांना घर द्यायचं असेल तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, आणि घराचा वापर व्यावसायिक धरला गेला तर पट्टी व कचरा शुल्क दोन्ही वाढू शकतात. वर्षभरासाठी एखाद्या कुटुंबाला भाड्याने दिलं तर मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते, आणि उरलेल्यावर 30 टक्के ठोक वजावट मिळते. वजावट ज्या वर्षी पैसे भरले त्या वर्षी मिळते, म्हणून पट्टी 31 मार्चच्या आत भरा आणि भाडेकराराबरोबर तिची पावती लावून ठेवा.