मित्राचं लग्न बाहेरगावी: आदल्या दिवशी जावं की त्याच दिवशी सकाळी?

जवळच्या मित्राचं लग्न दुसऱ्या गावात आहे, तारीख कळून महिना होऊन गेला, आणि अजून तिकीट काढलेलं नाही कारण सुट्टी एक दिवस टाकावी की तीन हेच ठरत नाहीये, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही प्रकार केलेत. एका लग्नाला त्याच दिवशी सकाळी विमानाने उतरलो आणि रात्री परत, दुसऱ्याला आदल्या दिवशी दुपारी पोचलो आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आरामात निघालो. दोघंही मित्र तितकेच जवळचे, त्यामुळे तुलना करायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाने करतात. आधी विमान की ट्रेन यावर ग्रुपवर चार दिवस काथ्याकूट, मग हॉटेल, आणि राहायचं किती हे सगळ्यात शेवटी, उरलेल्या सुट्टीत बसेल तसं. खरं तर मुक्काम किती हे आधी ठरलं की बाकीचं अर्ध्या तासात ठरतं.

तर पहिला प्रकार, सकाळी जा रात्री या. याचे फायदे खोटे नाहीत. सुट्टी एकच, हॉटेलचा खर्च नाही, बॅग छोटी, रात्री आपल्या अंथरुणात झोप, आणि घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर बऱ्याचदा दुसरा पर्यायच नसतो. कागदावर मस्त दिसतं. गोची एवढीच की सगळा डोलारा एका सकाळवर उभा असतो आणि त्या सकाळीत एक मिनिटही हातचं राखलेलं नसतं.

माझं विमान दीड तास लेट झालं. एरवी दीड तास म्हणजे काहीच नाही, चहा पिऊन मोबाईल बघत बसतो माणूस, पण त्या दिवशी मी उतरल्यावर एअरपोर्टच्या टॉयलेटमध्ये एक पाय बॅगेवर ठेवून कपडे बदलले, दार आतून लागत नव्हतं म्हणून एका हाताने दार धरलेलं, आणि पॅन्ट चढवल्यावर कळलं की बेल्ट तिकडेच सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये राहिलाय. हॉलवर पोचलो तेव्हा मुख्य भाग उरकून लोक जेवणाकडे निघाले होते, म्हणजे वरातीमागून घोडं ते हेच. मित्र भेटला बरोबर चार मिनिटं. त्यात एक मिठी, एक फोटो, आणि "कधी आलास, जेवलास का" एवढं बोलणं. त्या फोटोत माझा डावा हात कमरेवर आहे, लोकांना वाटतं काय ऐटीत उभा आहे, मी पॅन्ट धरून उभा होतो. जाऊन-येऊन १४ तास प्रवास आणि भेट चार मिनिटांची, हा हिशोब नंतर परतीच्या विमानात केला आणि जरा वाईटच वाटलं.

आता तुम्ही म्हणाल की लेट झालं नसतं तर सगळं जमलं असतं. जमलं असतं, पण चार मिनिटांची फार तर सहा झाली असती. लग्नाच्या दिवशी मित्र आपला नसतोच हो, तो दोनशे-तीनशे लोकांचा असतो. आपला असतो तो आदल्या रात्री.

दुसऱ्या लग्नात रात्री साडेअकराला दारावर टकटक झाली. नवरदेव. अंगात जुना टी-शर्ट, हाफ पॅन्ट, जाड मोजे आणि त्यावर उद्याचे चकचकीत नवे बूट. म्हणाला, "चावतायत रे, चल फेऱ्या मारू." मग आम्ही दोघं हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये लिफ्टपासून जिन्यापर्यंत आणि परत, अशा फेऱ्या मारत बसलो, तो बुटात आणि मी अनवाणी, पाणी आणायला बाहेर आलेल्या एका आजोबांनी आमच्याकडे बघून सरळ दार लावून घेतलं. आठव्या-नवव्या फेरीला तो म्हणाला की लग्नाचं टेन्शन नाहीये, सगळे आपल्याकडेच बघत असणार त्याचं आहे. मी काही शहाणपणाचं बोललो नाही, टाचेत कागदाची घडी करून घाल म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो बराच वेळ उभा होता आणि एकदाच माझ्याकडे बघून पायाकडे बोट दाखवून हसला. बास, माझे सुट्टीचे पैसे वसूल.

पण आदल्या दिवशी जाण्याचे तोटेही सांगतो, नाहीतर जाहिरात वाटेल. एक म्हणजे तुम्ही हाताशी आहात हे कळलं की तुम्ही पाहुणे राहत नाही, ह्याला स्टेशनवरून आण, त्याला चार्जर दे, अमुक खोलीची किल्ली कुणाकडे आहे ते बघ, हे सुरू होतं. मला ते आवडतं, सगळ्यांना आवडत नाही. दुसरं, मित्र गडबडीत असणार, त्यामुळे दुपारी पोचून तीन तास खोलीत भिंतीकडे बघत बसायची तयारी ठेवा. आणि तिसरं म्हणजे झोप. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही ही नुसती तक्रार नाही, २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं होतं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग गाढ झोपेतही थोडा पहाऱ्यावर राहतो, बारीक आवाजालाही जास्त दचकतो. म्हणून लग्नात तुमच्याकडे खरंच काही जबाबदारी असेल, चार शब्द बोलायचे असतील, दिवसभर धावपळ करायची असेल, तर एक नाही दोन रात्री आधी जा. नुसते पाहुणे असाल तर एक रात्र भरपूर. वेगळ्या टाइम झोनमध्ये जायचं असेल तर तासाला साधारण एक दिवस धरतात शरीराचं घड्याळ जुळायला, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो, तिथे एका रात्रीचा काही उपयोग नाही.

मुक्काम ठरला की मग वाहन.

विमान वेगवान हे अर्धसत्य आहे. तासाभराचं उड्डाण असलं तरी घर ते एअरपोर्ट, तिथे दोन तास आधी, उतरल्यावर बॅग, मग गावाबाहेरच्या एअरपोर्टवरून आत यायचं, सगळं धरून पाच तास सहज होतात. ट्रेन बहुतेक वेळा गावात आणून सोडते, सामानावर कोणी काटा घेऊन बसलेलं नसतं, आणि रात्रीची ट्रेन असली की एक रात्र झोपेतच कटते. रात्रभराच्या अंतरापर्यंत मी ट्रेनच घेईन, त्यापुढे विमान. एक मात्र लक्षात ठेवा, दोन विमानं बदलून जायचं असेल आणि पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर पहिलं लेट झाल्यावर दुसरं चुकणं ही तुमची डोकेदुखी, कंपनीची नाही. एकाच बुकिंगवर दोन्ही असली तर पुढे पोचवणं त्यांच्या गळ्यात असतं. तसंच राउंड ट्रिप काढून ठेवली आणि ऐनवेळी जाताना मित्रांच्या गाडीतून गेलात, तर बहुतेक कंपन्या परतीचं तिकीटही रद्द करून टाकतात. आमच्यातल्या एकाने हे केलं होतं, काउंटरवर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

गाडी काढून ग्रुपने जाणं यात मजा सगळ्यात जास्त, वादच नाही. आणि परतीचा धोकाही सगळ्यात जास्त. मॅप सहा तास सांगतो ते न थांबता, चार मित्र असले की त्याचे आठ होतात. जाताना चालतं हो, सगळे ताजे असतात. पण लग्न उरकून रात्रीच निघायचा जो प्लॅन असतो ना, "सकाळी ऑफिस गाठू" वाला, तो मी सरळ खोडून टाकेन. सलग १७ तास जागं राहिलं की माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं ढिलं होतं, हे १९९७ साली 'नेचर'मध्ये छापून आलंय, आणि लग्नाच्या दिवशी पहाटे सहाला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री अकरालाच भरतात. वर पहाटे दोन ते सहा ही तशीही डुलकीची वेळ. गाडी न्यायचीच तर दोन जण चालवणारे हवेत, दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा, आणि निघायचं दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर.

राहायचं कुठे यावर फार घोळ घालू नका. लग्न जिथे आहे तिथेच खोली मिळत असेल तर तिथेच घ्या, बूट बदलायला, अर्धा तास पाठ टेकायला, फोन चार्ज करायला खोली दोन मिनिटांवर असणं याची किंमत त्या दिवशी कळते. मित्राकडच्यांनी एकत्र खोल्या धरल्या असतील तर त्या एका तारखेपर्यंतच धरलेल्या असतात, तोवर कळवा, नंतर मित्राला मध्ये घालून त्याच्या डोक्याला ताप देऊ नका. फक्त हॉलच्या वरचाच मजला नको म्हणून सांगा. लांबचं हॉटेल शांत आणि बहुतेकदा स्वस्त असतं, पण रात्री बाराला अनोळखी गावात गाडी मिळेल का हे आधी बघून मगच. लहान मुलं बरोबर असतील तर मी लांबचंच घेईन, हा एक अपवाद.

सामानाचं थोडक्यात सांगतो. लग्नात घालायचे कपडे आणि बूट चेक-इन बॅगेत टाकायचे नाहीत, काहीही झालं तरी, बाकी सगळं हरवलं तरी दुकानं आहेत. पॉवर बँक उलट हँडबॅगेतच लागते, १०० वॉट-अवरपर्यंत सहसा चालते, २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, आणि गेटवर हँडबॅग खाली टाकायला मागितली तर आधी ती काढून घ्या. चेक-इन बॅग आलीच नाही तर एअरपोर्टच्या बाहेर पडायच्या आधी काउंटरवर लेखी तक्रार करून तिचा नंबर घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू असेल तर बॅग उशिरा मिळाल्यावर २१ दिवसांच्या आत आणि मोडतोड झाली असेल तर ७ दिवसांच्या आत लेखी दावा करावा लागतो, भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे, एसडीआर म्हणजे आयएमएफचं हिशोबाचं एकक. पण पैसे मिळाले तरी लग्न निघून गेलेलं असतं, त्यामुळे पहिलं वाक्य परत वाचा.

आणि दोन्ही जमणारच नसेल तर? सुट्टीच नाही, किंवा पैशांची खरंच ओढाताण आहे. मग उधारी करून चार मिनिटांसाठी धावण्यापेक्षा मित्राला आधीच, तारखेच्या बरंच आधी, फोन करून स्पष्ट सांगा आणि महिन्याभराने दोन दिवस राहायला जा. मेसेज नाही, फोन. माझ्या एका मित्राने माझ्या बाबतीत असंच केलं होतं, मी दोन दिवस फुगलो, पण नंतर तो आला तेव्हा आम्ही रात्री तीनपर्यंत गप्पा मारल्या आणि लग्नाला आलेल्या कितीतरी जणांशी मी तितकं बोललेलो नाही.

सकाळचंच तिकीट काढायचं असेल तर निदान दिवसातलं पहिलं विमान घ्या, तोवर मागच्या फेऱ्यांचा उशीर साचलेला नसतो. आणि बेल्ट घरूनच बॅगेत टाका, कमरेला लावू नका.