'अ फिल्म अनफिनिश्ड': वगळलेल्या टेक्सनी फोडलेलं बिंग

जुनं कृष्णधवल फुटेज माझ्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर सतत येत असतं. युद्ध असो, फाळणी असो की दुष्काळ, संग्रहातून शॉट मागवायचे, व्हॉइस-ओव्हरखाली लावायचे आणि पुढच्या सीनला लागायचं. हा शॉट कुणी घेतला, कॅमेऱ्याच्या बाजूला कोण उभं होतं, समोरच्या माणसाला काय करायला सांगितलं होतं, हे विचारायला कुणाकडे वेळ नसतो. याएल हेरसोन्स्की या इस्रायली दिग्दर्शिकेने 2010 साली केलेल्या 'अ फिल्म अनफिनिश्ड' या माहितीपटात नेमके हेच प्रश्न विचारलेत. एडिटिंगच्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

मे 1942. पोलंडमधल्या वॉर्साच्या घेट्टोत, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर जागेत, नाझींनी लाखो ज्यूंना भिंतीआड कोंडलं होतं. भूक आणि टायफसने माणसं रस्त्यात मरत होती. तिथे एक जर्मन कॅमेरापथक आलं आणि महिनाभर चित्रण करत राहिलं. तो प्रचारपट पुरा झालाच नाही. तासाभराचा कच्चा कट, म्हणजे शॉट्सची ढोबळ जोडणी, तेवढा उरला, तोही बिनआवाजाचा. युद्धानंतर तो पूर्व जर्मनीच्या संग्रहात सापडला. नाव एवढंच, 'दास घेट्टो'. पुढे कित्येक वर्षं त्यातले शॉट जगभरच्या माहितीपटांत आणि संग्रहालयांत घेट्टोचा अस्सल पुरावा म्हणून वापरले गेले. मग 1998 मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका तळावर आणखी एक रीळ मिळालं, साधारण अर्ध्या तासाचं. त्यात होते वगळलेले टेक्स, म्हणजे तेच शॉट पुन्हा पुन्हा घेतलेले.

माहितीपटाचा खरा जीव या टेक्समध्ये आहे. नीटनेटक्या कपड्यांतल्या बायका दुकानापाशी येतात, दारात हाडांचे सापळे झालेली मुलं उभी, बायका त्यांच्याकडे न बघता पुढे जातात. कच्च्या कटमध्ये हे पाहिलं तर वाटेल, काय निर्दयी लोक! प्रचारपटाला तेच तर दाखवायचं होतं, की श्रीमंत ज्यूंना आपल्याच गरिबांची पर्वा नाही. पण वगळलेल्या रिळात त्याच बायका पुन्हा येतात, पुन्हा त्याच चालीने, पुन्हा मान त्याच बाजूला वळवून. पोरांना पुन्हा त्याच जागी उभं केलेलं असतं. एका शॉटमध्ये तर दुसरा कॅमेरामनच फ्रेममध्ये घुसलेला दिसतो. रशेस, म्हणजे चित्रणाचं न कापलेलं फुटेज, पाहायची सवय असलेल्या माणसाला तिथे निवेदनाची गरजच उरत नाही.

घेट्टोचा कारभार पाहायला नाझींनी नेमलेल्या ज्यू मंडळाचे अध्यक्ष आडाम चेर्न्याकोव रोज डायरी लिहीत. त्यांच्या कचेरीतल्या चित्रणाच्या दिवसाची नोंद माहितीपटात ऐकू येते: भिंतीवरची चित्रं आणि तक्ते उतरवले गेले आणि टेबलावर सगळ्या मेणबत्त्या पेटवलेला नऊ फाट्यांचा दीपस्तंभ आणून ठेवला. नोंद ऐकू येत असतानाच पडद्यावर तो सीन चालू असतो. त्याच वर्षी 22 जुलैला त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत माणसं पाठवायला सुरुवात झाली आणि दुसऱ्या दिवशी चेर्न्याकोव यांनी आत्महत्या केली. हे ठाऊक असल्यामुळे त्या सीनमधल्या त्यांच्या चेहऱ्यावरून माझी नजर हलेना.

हेरसोन्स्कीचा सगळ्यात धाडसी निर्णय म्हणजे घेट्टोतून वाचलेल्या पाच वृद्धांना तिने हे फुटेज थिएटरात दाखवलं. प्रत्येकाला एकेकट्याने. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर. ओळखीचं कुणी दिसलं तर काय करायचं, ही धास्ती एका आजींच्या बोलण्यातून स्वच्छ कळते. टेबलावर फुलं सजवलेलं घर पडद्यावर येतं तेव्हा एक आजी ताडकन म्हणतात, फूल कुठलं, असतं तर आम्ही खाल्लं असतं! सामूहिक कबरीच्या शॉटला त्यातल्या एक जण डोळे झाकतात. हे शॉट लांब ठेवलेत, मध्ये कुठे संगीत भरून रडवलेलं नाही. मूळ फुटेजमध्येही कुणी थेट कॅमेऱ्याकडे बघतं तिथे गती मंद करून तो चेहरा थांबवलाय. प्रचारपटासाठी जी निव्वळ गर्दी होती, तिच्यातली एकेक व्यक्ती आपल्यासमोर येते. जोएल अलेक्सी यांना या संकलनासाठी सनडान्स महोत्सवात पुरस्कार मिळाला. तो अगदी योग्य हातात गेला.

मला खटकलेली गोष्ट म्हणजे विली विस्टचे प्रसंग. हा चित्रण करणाऱ्या कॅमेरामनांपैकी एक. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत त्याची चौकशी झाली आणि तिचं लेखी इतिवृत्त उपलब्ध आहे. ते शब्द अत्यंत मोलाचे आहेत: आपण फक्त हुकूम पाळत होतो, कशासाठी ते ठाऊक नव्हतं, असं सांगणारा माणूस. पण ते अभिनेता घेऊन, फिरणारी टेपची चाकं आणि सिगारेटचा धूर दाखवत पुन्हा उभे केलेत. ज्या फिल्मचा सगळा मुद्दाच 'मांडून घेतलेला सीन' हा आहे, तिने स्वतः सीन मांडावा हे मला पटलं नाही. नुसता कागद दाखवून शब्द वाचले असते तरी पुरलं असतं.

त्याउलट इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांच्या गटाच्या नोंदींचा वापर पाहा. घेट्टोत राहून या लोकांनी गुपचूप सगळं लिहून ठेवलं आणि दुधाच्या कॅनमध्ये, पत्र्याच्या पेट्यांत भरून जमिनीत पुरलं. कॅमेरापथक काय करतंय हे रस्त्यावरची माणसं बघत होती, आणि लिहीतही होती. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंची साक्ष अशी समोरासमोर आलेली मी दुसऱ्या कुठल्या माहितीपटात पाहिलेली नाही.

लांबी दीड तासाच्या आतच. हिब्रू, जर्मन, पोलिश असं बरंच काही बोललं जातं, त्यामुळे सबटायटल्सवर लक्ष ठेवावं लागतं. मोबाइलवर बघू नका. मुलांसोबत तर नकोच. बंदुकीच्या धाकाने विवस्त्र करून घेतलेल्या स्नानगृहाच्या सीनमध्ये आणि प्रेतांच्या शॉट्समध्ये काहीही झाकलेलं नाही. मास कम्युनिकेशन शिकवणाऱ्यांनी मात्र पहिल्याच सत्रात वर्गात लावावा, आणि दुकानापाशी येणाऱ्या त्या बायकांचे टेक्स थांबवून, मागे नेऊन पुन्हा दाखवावेत.