असीर्तिको: आठ महिने आणि बारा बाटल्या

ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची, असीर्तिको याच नावाच्या द्राक्षवाणाची पांढरी वाइन मी आठ महिन्यांपूर्वी एकदम बारा बाटल्यांच्या पेटीने घेतली. त्यांपैकी नऊ संपल्या, एक ओतून द्यावी लागली आणि दोन शिल्लक आहेत. सगळ्या बाटल्या एकाच उत्पादकाच्या आणि एकाच हंगामाच्या असल्याने चवीत जो फरक जाणवला तो मुरण्याचा आणि माझ्या हाताळणीचा होता, असे मानायला हरकत नाही.

पहिली बाटली फ्रिजमधून काढून लगेच उघडली आणि पहिल्याच घोटाला दात आंबले. गंध जवळजवळ नव्हताच. जिभेवर उरला तो नुसता आंबटपणा. ही वाइन आपल्यासाठी नाही, असे ठरवून ग्लास बाजूला ठेवला आणि अर्ध्या तासाने सहज उचलला, तर त्याच ग्लासातून लिंबाच्या सालीचा, ओल्या दगडाचा आणि किंचित खारट वाऱ्यासारखा वास येत होता. तेव्हापासून मी ती दहा ते बारा अंश सेल्सिअसला, जरा मोठ्या पोटाच्या ग्लासात घेतो. अरुंद ग्लासात तिची धार तेवढी कळते, अंग कळत नाही.

ही आम्लता तिथल्या हवामानाकडे पाहता नवलाची वाटते. बेट कोरडे, उन्हाचे आणि सोसाट्याच्या वाऱ्याचे असून अशा ठिकाणी द्राक्ष पिकता पिकता त्यातील आम्ल सहसा उतरते. हा वाण मात्र साखर पुरेशी भरल्यावरही आम्ल धरून ठेवतो. म्हणूनच माझ्या बाटलीवर मद्यांश साडेतेरा टक्के असूनही वाइन जड वाटत नाही. तिथले शेतकरी वेल मांडवावर न चढवता जमिनीलगत गोल टोपलीसारखी विणतात. तिला ‘कुलूरा’ म्हणतात. घड टोपलीच्या आत, वाऱ्यापासून आणि उन्हापासून आडोशाला वाढतात आणि पाऊस तुटपुंजा असल्याने समुद्रावरून येणाऱ्या धुक्याची ओल त्यांना उपयोगी पडते. ज्वालामुखीच्या राखेच्या या मातीत चिकणमाती नसल्यासारखीच असल्याने, एकोणिसाव्या शतकात युरोपभर वेली मारणारी फिलॉक्सेरा ही कीड इथे टिकली नाही. त्यामुळे इथल्या वेली, कीड सोसणाऱ्या दुसऱ्या मुळांवर कलम न करता, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

पाचव्या बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे कण दिसले आणि मी घाबरलो. बोटावर घेऊन चोळले तर ते चुरले. हे टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक असतात, निरुपद्रवी असतात आणि वाइन थंड राहिली की तळाशी बसतात. आता शेवटचा घोट बाटलीतच सोडतो, इतकेच.

तक्रार सातव्या बाटलीची आहे. बूच काढताच ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि फळाचा मागमूस नव्हता. बुचातून येणाऱ्या दोषाची ही ओळखीची खूण. विक्रेत्याने मात्र ‘आंबट वाइन अशीच असते’ असे सांगून बदली बाटली नाकारली. आंबट असणे आणि बिघडलेली असणे यांतला फरक विकणाऱ्यालाच कळत नसेल तर बोलणे खुंटते.

उघडलेली अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली असता दुसऱ्या दिवशी ती मला अधिक आवडली. तिसऱ्या दिवशीही टवटवीत होती, चौथ्या दिवशी मावळली. भाजलेल्या मासळीबरोबर ती उत्तम जमते, तळलेल्या पदार्थाचा तेलकटपणा तर पुसूनच काढते. गोड पदार्थापुढे मात्र कडवट लागते. नुसती, गप्पा मारत प्यायला कुणी सौम्य वाइन शोधत असेल, तर त्याला मी ही सुचवणार नाही.

सहाव्या महिन्यानंतरच्या बाटल्यांत लिंबाची धार तशीच राहून तिच्यामागे मधासारखी पुसट छटा येऊ लागली आहे. म्हणून उरलेल्या दोन बाटल्या अंधाऱ्या कपाटात आडव्या ठेवल्या असून निदान दोन वर्षे त्यांना हात लावायचा नाही, असे ठरवले आहे.