एचयूडी की स्वतःच्या नोट्स? ऑनलाइन पोकरमध्ये समोरचा ओळखताना

समोरचा टाइट (मोजकेच हात खेळणारा) आहे की लूज (बरेच हात खेळणारा), आक्रमक आहे की नुसता कॉल करत बसणारा, हे ओळखायला ऑनलाइन टेबलावर दोन मार्ग आहेत. एक, पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजर या सॉफ्टवेअरचं एचयूडी (खेळाडूंचे आकडे टेबलावरच दाखवणारी पट्टी) लावायचं आणि प्रत्येकाच्या नावाशेजारी आकडे बघायचे. दुसरा, स्वतः खेळ बघायचा, साइटच्याच नोट्समध्ये दोन ओळी लिहायच्या आणि त्या खेळाडूला रंग द्यायचा. मी इंग्लंडमध्ये राहतो, इथल्या परवानाधारक साइट्सवर छोट्या स्टेक्सचं सिक्स-मॅक्स (सहाजणांच्या टेबलाचं) कॅश खेळतो, आणि दोन्ही मार्ग भरपूर वापरून झाले आहेत. (भारतात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यामुळे पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणं बंद झालंय, त्यामुळे हे मुख्यतः बाहेरच्या मंडळींसाठी.)

आकड्यांची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. पहिला आकडा व्हीपीप, म्हणजे शंभरातल्या किती हातांत तो स्वतःहून पैसे घालतो; दुसरा, किती हातांत टेबलावर पत्ते उघडण्याआधीच रेझ करतो. 12/10 दिसला की तो चांगल्या पत्त्यांची वाट बघणारा; त्याचे ब्लाइंड (हाताआधी सक्तीने लावायचे पैसे) चोरायचे आणि त्याने रीरेझ केलं की निमूट पत्ते टाकायचे. 48/7 दिसला की ब्लफ बंद, टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी जोडी) लागली की तिन्ही स्ट्रीटवर, म्हणजे फ्लॉपचे तीन पत्ते, मग टर्नचा आणि रिव्हरचा एकेक पत्ता उघडल्यावर, बेट लावायची. पॉटएवढा ब्लफ निदान निम्म्या वेळा चालला तरच बरोबरी होते, आणि पत्ते न टाकणाऱ्यासमोर ते गणित जमतच नाही. बेफाम 60/40 वाल्यासमोर मधल्या ताकदीचा हातही सोडायचा नाही. बेट त्यालाच लावू द्यायची, आपण कॉल करत राहायचं. चार-सहा टेबलं एकदम लावणाऱ्याला हे सगळं नुसत्या नजरेवर जमणार नाही. त्याने एचयूडीच घ्यावं, असं मलाही वाटतं.

मला जे खटकलं ते वेगळंच. छोट्या स्टेक्सवर ज्यांच्याकडून पैसे मिळतात ते हौशी खेळाडू तीस-चाळीस हात खेळतात आणि उठून जातात. त्यांचा आकडा कधी पिकतच नाही. खरा व्हीपीप 25 असलेला माणूस 20 हातांनंतर 15 दिसू शकतो, 35 सुद्धा. आणि व्हीपीप तरी लवकर जमतो. रिव्हरला रेझ किती वेळा करतो, थ्री-बेटला (रेझवरच्या रीरेझला) किती वेळा पत्ते टाकतो, यासाठी हजारो हात लागतात. पण दोन संधींत एकदा पत्ते टाकणाऱ्याचा 50 आणि दोनशे संधींत शंभरदा टाकणाऱ्याचा 50, स्क्रीनवर दोन्ही सारख्याच ठसठशीतपणे दिसतात. किती हातांवरचा आकडा आहे तेही दाखवता येतं, मान्य; पण घड्याळ चालू असताना ते कोण बघतं? माझी नजर तरी थेट टक्क्यांवरच जायची, आणि ही गोष्ट मला शेवटपर्यंत छळत राहिली.

नोट्सचं तसं नाही. एक हात सांगतो, ज्यात मी नव्हतोच. फ्लॉप राजा, नव्वी, चौकी. प्रीफ्लॉप रेझ केलेल्याने बेट लावली, ब्लाइंडवाल्याने क्षणात कॉल केला. टर्नला दुर्री, पुन्हा बेट, पुन्हा झटक्यात कॉल. रिव्हरला तिर्री, तिसरी बेट. आता मात्र ब्लाइंडवाला थांबला, घड्याळ संपत आलं तेव्हा तिप्पट रेझ केलं, आणि पत्ते उघडले तर नव्वी-चौकी. मी लिहून ठेवलं: "फ्लॉपलाच दोन जोड्या, तरी नुसता कॉल, रिव्हरला थांबून रेझ." पुढे तो पुन्हा समोर आला. माझ्याकडे एक्क्यांची जोडी, आणि त्याच चालीने त्याचं रिव्हरचं रेझ. मी पत्ते टाकले. त्याने आपले दाखवले नाहीत, पण टाकताना मला शंका नव्हती. एचयूडीने त्याला लूज-पॅसिव्ह (लूज, पण नुसता कॉल करणारा) म्हटलं असतं, ते बरोबरच होतं. पण नेमकं त्या क्षणी काय करायचं हे मला त्या एका ओळीने सांगितलं.

साइट्सचाही विचार करा. जीजीपोकरवर बाहेरचं एचयूडी चालत नाही, पार्टीपोकरने ते 2019 मध्येच बंद केलं. सॉफ्टवेअरचे पैसे भरण्याआधी आपल्या साइटचे नियम वाचाच. आणि सुट्टीत गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोत लाइव्ह टेबलावर बसणार असाल तर तिथे उपयोगी पडते ती शोडाऊन (शेवटी पत्ते उघडतात ते) बघायची सवयच.

तेव्हा चारच्या वर टेबलं आणि रोजचा खेळ असेल तर एचयूडी. एक-दोन टेबलं, संध्याकाळचा तासभर खेळ असेल तर माझं मत नोट्सकडे झुकतं, बऱ्यापैकी झुकतं. रंग चार पुरतात: टाइट, कॉल करणारा, बेफाम, आणि ज्याच्यापासून लांब राहायचं तो. नोटमध्ये "फिश" (कच्चा खेळाडू) किंवा "वेडा" असं लिहू नका. कुठल्या स्ट्रीटवर, किती बेट, कुठले पत्ते, एवढंच लिहा. पुढे तारीखही टाका, कारण माणसं खेळ बदलतात, आणि वर्षापूर्वीच्या रंगावर मोठा पॉट ठरवू नये.