नव्या प्लेयर्स हँडबुकातला बार्ड: क्लास उत्तम, शिफारशी कच्च्या

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या कथा-खेळाचं नवं नियमपुस्तक, प्लेयर्स हँडबुक, सप्टेंबर २०२४मध्ये आलं. ३८४ पानांचा ठोकळा आहे, आणि २०१४च्या आवृत्तीपेक्षा बार्ड (संगीतातून जादू करणारा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार) त्यात बराच सुधारलाय. तक्रार आहे ती पुस्तकाच्या सल्ल्याबद्दल. पहिल्या लेव्हलला कुठले स्पेल (मंत्र) घ्यावेत हे पुस्तक स्वतःच सुचवतं, आणि नवा खेळाडू ती यादी जशीच्या तशी कॅरेक्टर शीटवर उतरवतो. मग दोन लढायांतच त्याला वाटायला लागतं की बार्ड म्हणजे मागे उभं राहून गाणारा गडी.

ती यादी अशी: कॅन्ट्रिपमध्ये (कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल) डान्सिंग लाइट्स आणि व्हिशस मॉकरी (शत्रूला घायाळ करणारा टोमणा), पहिल्या लेव्हलच्या स्पेलमध्ये चार्म पर्सन, कलर स्प्रे, डिसोनंट व्हिस्पर्स आणि हीलिंग वर्ड. यातले तीन ठेवावेत, तीन काढावेत.

का, ते कळायला बार्डकडे खर्चाला काय असतं ते आधी पाहू. आपल्या पाळीला एक अ‍ॅक्शन, एक बोनस अ‍ॅक्शन, फेरीभरात एक रिअ‍ॅक्शन आणि एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेल टिकवायला धरावं लागणारं लक्ष). स्पेल निवडताना तो किती जोरदार आहे यापेक्षा या चारपैकी कुठली जागा अडवतो हे बघायचं. पुस्तक प्रत्येक स्पेलखाली ही माहिती देतं, पण निवडीचा निकष म्हणून ती कुठेच मांडत नाही.

डान्सिंग लाइट्सला कॉन्सन्ट्रेशन लागतं आणि तो मिनिटभरच टिकतो. म्हणजे अंधाऱ्या गुहेत दिवे लावून ठेवले की दुसरा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल टाकताक्षणी ते विझणार. त्याऐवजी साधा लाइट घ्यावा: तासभर टिकतो, कॉन्सन्ट्रेशन नाही. टोळीत दुसऱ्या कुणाकडे लाइट असेल तर मायनर इल्यूजन. कलर स्प्रे १५ फुटांच्या शंकूत चालतो, म्हणजे शत्रूच्या नाकासमोर जावं लागतं, आणि मध्ये आलेला मित्रही आंधळा होऊ शकतो. लेदर आर्मर आणि डेक्स्टेरिटी १४ धरली तर बार्डची एसी (हल्ला लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १३, हिट पॉइंट (जीव) दहाच्या आसपास. त्या जागी फेअरी फायर घ्यावा: २० फुटांच्या घनातले जे शत्रू सेव्ह (स्पेल टाळायचा फासा) चुकतील त्यांच्यावर सगळ्या टोळीला हल्ल्यात दोन फासे टाकून चांगला घ्यायचा अ‍ॅडव्हांटेज. कॉन्सन्ट्रेशनची जागा अशाच स्पेलने अडवावी. चार्म पर्सन संवादात उपयोगी आहे, पण लढाई सुरू असताना टाकला तर समोरच्याला सेव्हवर अ‍ॅडव्हांटेज मिळतो, आणि स्पेल संपल्यावर आपल्यावर जादू झाली होती हे त्याला कळतं. चारच स्पेल हातात असताना ही चैन परवडत नाही. कमांड घ्यावा, एका शब्दात शत्रूची पूर्ण पाळी वाया जाते.

डिसोनंट व्हिस्पर्स मात्र अगदी योग्य शिफारस आहे. सेव्ह चुकला तर ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) सायकिक डॅमेज, वर शत्रूला स्वतःची रिअ‍ॅक्शन खर्चून लांब पळावं लागतं. आपला फायटर त्याच्या शेजारी उभा असेल तर तो पळताना फायटरला ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅटॅक फुकट मिळतो. शेजारी कुणीच नसताना हा स्पेल टाकला की अर्धी मजा गेली. नवे खेळाडू नेमकं हेच करतात. हीलिंग वर्ड आता २डी४ अधिक करिश्मा मॉडिफायर (त्या स्कोअरवरून ठरणारा बोनस) इतके हिट पॉइंट परत देतो (आधी १डी४ होतं), ६० फुटांवरून आणि बोनस अ‍ॅक्शनमध्ये. पण लक्षात ठेवायचं: नव्या नियमात एका पाळीत स्पेल स्लॉट (कॅन्ट्रिप सोडून बाकी स्पेल टाकायची मोजकी शिल्लक) एकदाच खर्चता येतो. हीलिंग वर्ड टाकला की त्याच पाळीत अ‍ॅक्शनला कॅन्ट्रिपच, आणि तिथे व्हिशस मॉकरी चपखल बसते. डॅमेज डी४वरून डी६ झालाय, पण ती घ्यायची ती शत्रूच्या पुढच्या हल्ल्याला लागणाऱ्या डिसअ‍ॅडव्हांटेजसाठी. (सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या माणसाला इथे शब्द सुचत नाहीत असं होत नाही. ओर्कला मराठी येत नसली तरी चालतं.)

पात्राच्या सहा गुणांच्या स्कोअरसाठी पुस्तकातला तयार आकड्यांचा संच, म्हणजे स्टँडर्ड अ‍ॅरे पुरतो: करिश्मा १५, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १३, विझडम १२, इंटेलिजन्स १०, स्ट्रेंग्थ ८. बॅकग्राउंडला (पात्राचा पूर्वेतिहास, त्यातून स्कोअर वाढतात) एंटरटेनर घ्यायचा मोह होतो, नावच तसं आहे. पण त्याची वाढ स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, करिश्मा यांतच मिळते. शार्लटन घेतला तर कॉन्स्टिट्यूशनही मिळतं: करिश्मा १७, कॉन्स्टिट्यूशन १४. चौथ्या लेव्हलला वॉर कास्टर फीट (खास कौशल्य) घ्यावं, म्हणजे करिश्मा १८ होतो आणि मार खाल्ल्यावर कॉन्सन्ट्रेशन टिकवायच्या सेव्हवर अ‍ॅडव्हांटेज मिळतो. एंटरटेनरचं म्युझिशियन फीट वाईट नाही, विश्रांतीनंतर साथीदारांना हिरोइक इन्स्पिरेशन (एक फासा पुन्हा टाकायची सवलत) वाटतं. पण ठाण्या-नवी मुंबईतल्या रविवारच्या टेबलावर विश्रांती किती घेतली जाते? चार तासांचं सेशन, त्यात वाशी-ऐरोलीकडच्यांना परतीची ट्रान्स-हार्बर लोकल गाठायची. शॉर्ट रेस्टचा (खेळातल्या तासाभराच्या विश्रांतीचा) विषय निघेपर्यंत लोक बॅगा भरायला लागतात.

हाच मुद्दा बार्डिक इन्स्पिरेशनला, म्हणजे बार्ड साथीदाराला रोलमध्ये मिळवायला देतो त्या जादा फाशाला, लागू होतो. वापर करिश्मा मॉडिफायरइतके, म्हणजे सुरुवातीला तीन, आणि पाचव्या लेव्हलपर्यंत ते फक्त लाँग रेस्टनेच (रात्रभराच्या विश्रांतीने) परत येतात. म्हणून लोक फासे जपून ठेवतात आणि न वापरताच घरी जातात. नव्या नियमात तसं करायचं कारण उरलेलं नाही. दिलेला फासा १० मिनिटांऐवजी तासभर टिकतो, आणि रोल चुकल्यानंतरच वापरायचा असल्याने आधीच यशस्वी झालेल्या रोलवर वाया जात नाही. लढाईच्या पहिल्याच फेरीत देऊन टाकावा. पाचव्या लेव्हलपासून शॉर्ट रेस्टनेही वापर परत मिळतात, शिवाय स्पेल स्लॉट मोडून एकेक परत घेता येतो. ही नवी सोय या पुस्तकातली बार्डसाठीची सर्वांत मोठी भेट.

तिसऱ्या लेव्हलला सहा स्पेल होतात. त्यातले तीनाहून जास्त कॉन्सन्ट्रेशनचे नकोत. फेअरी फायर, सजेशन, हीट मेटल, बेन, हिडियस लाफ्टर हे सगळे मोहात पाडतात आणि सगळे एकाच जागेसाठी भांडतात. एड आता बार्डच्या यादीत आलाय, तो घ्यावा: तिघांचे कमाल हिट पॉइंट आठ तासांसाठी पाचने वाढतात आणि कॉन्सन्ट्रेशन मोकळंच राहतं. क्लेरिकसारखे रोज स्पेल बदलता येत नाहीत, लेव्हल वाढली की एकच बदलता येतो. पंधरवड्याला एकदा भरणाऱ्या टेबलावर चुकीचा स्पेल महिनोन्‌महिने गळ्यात राहतो.

कॉलेज, म्हणजे बार्डच्या उपशाखा, चार आहेत: डान्स, ग्लॅमर, लोर, व्हॅलर. पहिल्यांदा खेळणाऱ्याने लोरच घ्यावं. कटिंग वर्ड्समुळे रिकामी पडलेली रिअ‍ॅक्शन कामाला लागते, शत्रूच्या यशस्वी हल्ल्यातून इन्स्पिरेशनचा फासा वजा होतो. सहाव्या लेव्हलला क्लेरिक, ड्रुइड किंवा विझर्डच्या यादीतले दोन स्पेल मिळतात, आणि त्यातला एक काउंटरस्पेल असावा. फक्त तोही रिअ‍ॅक्शनच खातो, तेव्हा समोर जादूगार दिसला की कटिंग वर्ड्सवर हात आवरायचा. डान्स दिसायला झकास, पण बार्डला पुढे नेऊन मार खायला लावतं. व्हॅलर घेणाऱ्याने लोरची अपेक्षा ठेवू नये, एवढंच.

पुस्तक विकत घ्यायच्या आधी एसआरडी ५.२ (खेळाच्या मूळ नियमांचा संच) उतरवून घ्यावं. एप्रिल २०२५मध्ये आलेली ही पीडीएफ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहे आणि तिच्यात बार्ड क्लास लोर कॉलेजसकट पूर्ण आहे. बॅकग्राउंड मात्र चारच. त्यातला करिश्मा देणारा एकटा अकोलाइट. त्याच्याबरोबर क्लेरिकचे दोन कॅन्ट्रिप आणि पहिल्या लेव्हलचा एक स्पेल मिळतो. कॅन्ट्रिपमध्ये गायडन्स घ्यावा, स्पेल घेताना तो कॉन्सन्ट्रेशनचा नसेल एवढं पाहावं. लोर बार्ड दहाव्या लेव्हलपर्यंत नेईपर्यंत छापील पुस्तक लागत नाही. डान्स, ग्लॅमर, शार्लटन किंवा वॉर कास्टर हवाच असेल तर टेबलात मिळून एक प्रत घ्यावी आणि ती डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) घरी ठेवावी.