एकच मरण, चार खिडक्या: दहशतवादबळींच्या सरकारी भरपाईचं परीक्षण

दहशतवादी किंवा नक्षली हिंसाचारात घरचं माणूस गेलं की सरकारकडून पैसे मिळतात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. किती, कुठून आणि कोणत्या कागदावर, हे मात्र धावपळ सुरू झाल्यावरच कळतं. ही एक सेवा धरली तर तिच्या खिडक्या चार. प्रत्येक खिडकीवर त्याच मरणाचा दर वेगळा.

पहिली खिडकी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या योजनेची, कलेक्टर ऑफिसमार्फत चालणारी. योजना २००८ ची. दहशतवाद, जातीय दंगल, नक्षली हिंसा, सीमेपलीकडचा गोळीबार आणि सुरुंगस्फोट हे सगळं तिच्यात येतं. विदर्भात तिचा संबंध काश्मीरपेक्षा गडचिरोलीशी जास्त. रक्कम आधी ३ लाख होती, ऑगस्ट २०१६ पासून ५ लाख झाली आणि तिथेच थांबली. मृत्यूबरोबर ५० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्वही धरतात. त्यामुळे जखमीच्या प्रमाणपत्रावरचा टक्का नीट बघा. ४५ लिहून आले की अर्ज तिथेच संपतो, मग पाय लुळा असो की कान गेलेला असो.

पैसे एकदम हातात येत नाहीत. योजनेची मूळ रचना अशी की रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीत राहते आणि तिमाही व्याज बचत खात्यात जमा होतं. हेतू चांगला आहे, नातेवाइकांनी विधवेचे पैसे लाटू नयेत असा. पण सात टक्के व्याज धरलं तरी ५ लाखांवर महिन्याला तीन हजारांच्या आतच पडतात. तेवढ्यात घराचं भाडं तरी निघतं का, तुम्हीच बघा. राज्याने आधी काही सानुग्रह मदत दिली असली तरी ही रक्कम अडत नाही. केंद्राच्याच दुसऱ्या योजनेतून भरपाई घेतली असेल तर अडते.

अर्ज बहुतेक वेळा एफआयआरवर अडकतो. गुन्हा नुसताच खुनाचा, अज्ञात आरोपींविरुद्ध नोंदला गेला आणि त्यात यूएपीएचं, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचं, कलम किंवा नक्षली संघटनेचा उल्लेख नसेल, तर हे मरण योजनेत बसतं हे सिद्ध करायचं ओझं कुटुंबावर येतं. 'पोलिसांचा खबरी' ठरवून मारलेल्या माणसाच्या प्रकरणात हे विशेष जपावं लागतं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती घेऊन पहिल्याच आठवड्यात कलमं वाचून घ्या. मृताचं नाव एफआयआर, शवविच्छेदन अहवाल आणि आधार या तिन्हीत अक्षरशः एकसारखं हवं. 'रामचंद्र' आणि 'रामाजी' अशी दोन नावं चालत आली असतील तर प्रतिज्ञापत्र लागतं. आणखी एक: मृत्यूची नोंद जिथे माणूस गेला तिथेच होते. नागपूरचा माणूस बाहेरच्या राज्यात गेला, तर दाखला तिथूनच आणायचा. महापालिकेत हेलपाटे मारून उपयोग नाही.

दुसरी खिडकी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. गुन्ह्यातल्या पीडिताला भरपाई देण्याची तरतूद आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७अ मध्ये होती. तिची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ ने घेतली, तरतूद जवळपास तीच आहे. आरोपी सापडला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत संपवायची, असं कायदाच सांगतो. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागायचं कारण नाही. रक्कम लहान असते. तरीही ही खिडकी आम्हांला चांगली वाटते, कारण इथे अर्ज कशावरून नाकारला ते लेखी मागता येतं.

तिसरी रेल्वेची, आणि चारांत सगळ्यांत न्याय्य हीच. गाडीत किंवा स्टेशनच्या आवारात दहशतवादी कृत्य झालं तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ खाली मृत्यूला ८ लाख. हा दर १ जानेवारी २०१७ पासूनचा, त्याआधी ४ लाख होते. चूक रेल्वेची होती का, हा प्रश्नच निघत नाही. प्लॅटफॉर्म तिकीटवालाही यात प्रवासीच. तिकीट सापडलं नाही म्हणून दावा पडत नाही; सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या रीना देवी निकालानंतर प्रतिज्ञापत्र दिलं की पुढचं सिद्ध करणं रेल्वेवर येतं. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठातही टाकता येतो, कारण दावेदार राहतो ते ठिकाणही चालतं. मुदत एक वर्ष. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. निकाल पटला नाही तर उच्च न्यायालयात अपील.

आणि चौथी, मंत्रिमंडळाची. पहलगामच्या २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यात २६ जण गेले, त्यांतले सहा महाराष्ट्राचे. राज्याने आठवड्याभरात प्रत्येक कुटुंबाला ५० लाख आणि नोकरी जाहीर केली. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही, असू नये. पण त्याच वर्षी ३१ जुलैला मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा निकाल लागला. सातही आरोपी सुटले आणि कोर्टाने मृतांच्या वारसांना २ लाख, जखमींना ५० हजार द्यायला सांगितलं. सतरा वर्षांनंतर. एकीकडे ५० लाख, दुसरीकडे २ लाख, आणि हा फरक कोणत्या नियमाने पडला ते सांगणारा एकही कागद नाही. गडचिरोलीच्या जंगलात एकटा मारला गेलेला माणूस टीव्हीवर येत नाही, म्हणून ही खिडकी त्याच्या बायकोसाठी उघडत नाही. उघडली तरी अर्जाचा नमुना नाही, नाकारलं तर अपील नाही.

गुण द्यायचे तर रेल्वेला पाचपैकी चार, विधी सेवेला तीन, केंद्राच्या योजनेला दोन. चौथीला गुण द्यायला मोजपट्टीच नाही.

नागपुरात आकाशवाणी चौकाकडे, म्हणजे कलेक्टर ऑफिसकडे, निघण्याआधी पिशवीत एवढं असू द्या: एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, सगळ्या वारसांचे आधार आणि एकमेकांची ना-हरकत, वारसाचं स्वतःचं बँक पासबुक. प्रत्येकाच्या चार-चार प्रती. सासू आणि सून दोघी दावेदार असतील तर ना-हरकत आधी घरातच लिहून घ्या; वाद वारस प्रमाणपत्रासाठी दिवाणी कोर्टात गेला की तिन्ही खिडक्यांवरची फाइल थांबते. अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.