पुस्तकगप्पांची तासिका : सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी घेतलेल्या एका सेवेचे परीक्षण

लालबाग-परळ भागातील आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेने गेल्या शैक्षणिक वर्षात सहावी, सातवी आणि आठवीसाठी ‘पुस्तकगप्पा’ नावाची सेवा घेतली. दादरमधून काम करणारा एक छोटा गट ती देतो. मुंबईत असे काम करणारे आणखीही गट आहेत आणि मला जे म्हणायचे आहे ते मुख्यतः पद्धतीविषयी आहे, म्हणून या गटाचे नाव येथे देत नाही. शाळेत मी मराठी शिकवते. त्यामुळे या तासिका मी वर्गात मागच्या बाकावर बसून पाहिल्या आणि नंतरच्या आठवड्यांत मुलांच्या हातांत काय उरले, तेही पाहिले.

सेवेचे स्वरूप साधे आहे. आठवड्यातून एकदा, एका तासिकेसाठी, गटातील एखादी ताई किंवा दादा पुस्तकांची पेटी घेऊन वर्गात येतात. चार-पाच पुस्तकांविषयी प्रत्येकी तीन-चार मिनिटे बोलतात, त्यांतल्या एखाद्या पुस्तकातील परिच्छेद मोठ्याने वाचतात आणि कथा जिथे उत्सुकता ताणते तिथेच थांबतात. तासिकेची शेवटची दहा मिनिटे मुलांची असतात. मुलांनी पेटीभोवती यावे, पुस्तके चाळावीत, हवे ते नोंदवहीत नाव लिहून आठवड्यासाठी घरी न्यावे. प्रश्नपत्रिका नाही, सारांश लिहून आणायचा नाही, ‘या पुस्तकातून तुम्ही काय शिकलात’ असे कोणी विचारायचे नाही. शुल्क वर्गामागे आकारले जाते आणि ते वर्षाच्या सहलीच्या खर्चापेक्षा कमी आहे.

ही सेवा याच तीन इयत्तांसाठी असणे योग्य आहे. चौथी-पाचवीपर्यंतची मुले गोष्ट ऐकायलाही तयार असतात आणि वाचायलाही. सहावीनंतर मात्र क्लास, घटक चाचण्या आणि घरातला मोबाइल यांच्या रेट्यात अवांतर वाचन आधी मागे पडते आणि मग सुटते. या वयातील मुलांना ‘वाचत जा’ असे सांगून काहीही साधत नाही. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला सारी शाळा पुस्तक हातात धरून बसते आणि 16 तारखेला ग्रंथालयाच्या कपाटाला पुन्हा कुलूप लागते, हे अनेक शाळांतील चित्र आहे. वाचनाचे महत्त्व सांगणे आणि एका विशिष्ट पुस्तकाविषयी ओढ लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा गट दुसरीच करतो.

सहावीच्या वर्गातील एक तासिका येथे सविस्तर सांगते. ताईंनी पेटी उघडण्याआधी विचारले, “तुमच्यापैकी किती जण लोकलने प्रवास करतात?” जवळजवळ सगळे हात वर झाले. “आता समजा, आपली शाळा त्या डब्यांतच भरली तर? डबा जागचा हलत नाही, पण खिडकीजवळची जागा रोज बदलून मिळते.” वर्गात कुजबुज सुरू झाली. मग त्यांनी ‘तोत्तोचान’ बाहेर काढले. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने स्वतःच्या बालपणावर लिहिलेले हे पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे मराठीत उपलब्ध आहे, आणि त्यातील तोमोए शाळेचे वर्ग खरोखरच रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरत असत. ताईंनी एवढेच सांगितले की ही मुलगी पहिलीतच एका शाळेतून काढून टाकली गेली होती, आणि नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर ती पहिल्यांदा बसली त्या प्रसंगाची सुरुवात वाचून पुस्तक मिटले. “पुढे काय झालं, ताई?” या प्रश्नावर त्यांनी हसून पुस्तक पुढे केले. बोलण्यात ना लेखिकेचे चरित्र होते, ना पुस्तकाची थोरवी. वर्गातील मुलांच्या रोजच्या अनुभवातून पुस्तकात जायची एक वाट त्यांनी दाखवली होती, आणि त्यासाठी त्यांनी ते पुस्तक किती बारकाईने वाचले असेल हे मला जाणवत राहिले.

इथेच या सेवेची सर्वांत मोठी उणीवही दिसली. पेटीत त्या पुस्तकाच्या दोनच प्रती होत्या आणि मागणारे हात त्याच्या कितीतरी पट. नोंदवहीत नावे लागली. ज्यांचा क्रमांक महिना-दीड महिन्याने आला, त्यांतील अनेकांनी तोवर उत्साह गमावला होता. काहींनी पुस्तक घेतले आणि न वाचता परत केले. या पद्धतीची सगळी ताकद ऐकणे आणि हातात पडणे यांच्यातील अंतर किती कमी आहे यावर अवलंबून असते. अमेरिकेत ही पद्धत रुजवणाऱ्यांपैकी बाल्टिमोरच्या ग्रंथपाल मार्गारेट एडवर्ड्स 1930च्या दशकापासून किशोरवयीन वाचकांसाठी झटल्या आणि शाळांमध्ये जाऊन पुस्तकांविषयी बोलत राहिल्या. पण त्यांच्या मागे शहराचे विनाशुल्क सार्वजनिक ग्रंथालय उभे होते. आपल्याकडे 1898पासूनचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ही अभिमानाचीच गोष्ट. परंतु क्लासच्या वेळा सांभाळणारी सातवीतली मुलगी एका पुस्तकासाठी एकटी तिथवर जाईल, ही अपेक्षा धरता येत नाही. तिच्यासाठी पुस्तक वर्गातच असायला हवे.

माहितीपर पुस्तकांची निवड मात्र मला मनापासून आवडली. मुलांना वाचायला द्यायचे म्हणजे कथा-कादंबरीच, असा आपला समज असतो. सातवीच्या वर्गात ताईंनी पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्याच्या पानावर उघडून धरले तेव्हा शिवडीला राहणारा, कधीही पुस्तक घरी न नेणारा एक मुलगा म्हणाला, “हे तर आमच्या खाडीवर येतात.” मग ताई थांबल्या आणि तोच बोलत राहिला : ओहोटीला ते चिखलात कसे उतरतात, मान उलटी करून कसे खातात. ते पुस्तक त्या दिवशी त्याच्याच दप्तरातून गेले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेले नियम आम्ही डी.एड.ला परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यांचा अर्थ त्या बाकाशेजारी उभा होता.

गटातील सर्वांचे काम या तोडीचे नाही. आठवीच्या एका तासिकेला आलेल्या दादांनी एका साहसकथेविषयी जे सांगितले, ते मलपृष्ठावरील मजकुरापलीकडे जात नव्हते. “त्याचा भाऊ त्याला शेवटी सापडतो का?” असे एका मुलीने विचारल्यावर त्यांनी “ते तुम्हीच वाचा” असे उत्तर दिले, पण मुद्दाम राखून ठेवलेले उत्तर आणि ठाऊकच नसलेले उत्तर यांतला फरक आठवीतल्या मुलांना लगेच कळतो. त्या पुस्तकाला त्या दिवशी कोणीही हात लावला नाही. पूर्ण न वाचलेल्या पुस्तकाविषयी वर्गात बोलायचे नाही, हा नियम गटाने स्वतःवर कठोरपणे घालून घ्यायला हवा.

दुसऱ्या सत्रात बोलण्याचे काम मुलांकडे आले आणि माझ्या मते सेवेचा हा सर्वांत मोलाचा भाग आहे. अटी दोनच होत्या : गोष्ट पूर्ण सांगायची नाही, आणि आपण वाचताना जिथे थबकलो ती जागा शोधून तेवढ्याच ओळी वाचून दाखवायच्या. शाळांतील पुस्तक परिचयाच्या स्पर्धांत मुले लेखकाचे नाव, प्रकाशन, पृष्ठसंख्या आणि बोध असे घोकून आणतात, इथे एक अबोल मुलगी पुढे येऊन म्हणाली, “मला हे पुस्तक आधी बोअर झालं होतं, पण या पानावर आजी खोटं बोलते आणि मग मी झोपलेच नाही.” ताई-दादांनी सुचवलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या पुस्तकासाठी अधिक नावे लागली. या वयात मैत्रिणीचा शब्द मोठ्यांच्या शिफारशीपेक्षा जड असतो. आमच्यातील काही शिक्षकांना या बोलण्याचे गुण वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात धरावेत असे वाटत होते. गटाने त्याला नम्रपणे पण ठाम नकार दिला. गुणांचा संबंध आला असता तर ती मुलगी ‘बोअर’ हा शब्द उच्चारायला धजली नसती.

पेटीतील संग्रहाबद्दल आणखी थोडे. मासिके जवळजवळ नाहीत. बालभारतीचे ‘किशोर’ 1971पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात. जाड पुस्तक पाहूनच बिचकणाऱ्या मुलांसाठी चार पानांची कथा हा उत्तम आरंभ ठरला असता. तसेच आमच्या वर्गांत घरी हिंदी बोलणारी बरीच मुले आहेत. त्यांच्यासाठी पेटीत थोडी हिंदी पुस्तके असती, तर ती मुले तासिकेत अधिक मोकळी झाली असती.

येत्या जूनपासून शाळा ही सेवा पुन्हा घेणार आहे. या वेळी चर्चेतील मुख्य पुस्तकाच्या किमान सहा प्रती पेटीत असाव्यात असे गटाला कळवले आहे, आणि त्यांपैकी दोन वर्गाच्या कपाटात कायम राहाव्यात यासाठी पालक-शिक्षक संघाने खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. त्या कपाटाची किल्ली आता कार्यालयात न ठेवता वर्गाच्या ग्रंथमंत्र्याकडे राहील.